पोर्ट्समथचं मॉफॅट-लॅड हाउस: गोदीतल्या सुताराच्या नजरेतून

दारातून आत शिरलो आणि पहिल्यांदा नजर गेली ती जिन्यावर. गाइडबाई घराच्या मालकाबद्दल सांगत होत्या, लेक माझ्यासाठी हळू आवाजात मराठीत उलथा करत होती, आणि मी मात्र कठड्याच्या वळणाकडे बघत उभा होतो. लाकूड असं वळवणारा माणूस नुसता घरं बांधणारा सुतार नसतो. चौतीस वर्षं मुंबईत गोदीत सुतारकाम केलंय मी, त्यातली शेवटची बारा लॉफ्टवर, म्हणजे जहाजाच्या वक्ररेषा जमिनीवर पूर्ण मापात आखायच्या तिथे. ते वळण मला ओळखीचं वाटलं. मी लेकीला म्हटलं, "विचार त्यांना, हे काम जहाजाच्या सुताराचं आहे का?"

बाई थांबल्या. मग त्यांनी सांगितलं की घराच्या जुन्या कागदपत्रांतून इथल्या कारागिरांची नावं कळतात. सुतारकाम मायकेल व्हिडन यांचं आणि कोरीवकाम एबेनेझर डिअरिंग यांचं. हे डिअरिंग याच गावात जहाजांसाठी कोरीवकाम करायचे.

त्या एका उत्तरासाठी मी या घराला पाचपैकी पाच देतो. बाकीचं आता सविस्तर लिहितो, कारण बॉस्टनकडे मुलांकडे येणारी आपली बरीच मंडळी तीच ती चार ठिकाणं बघून परत जातात आणि हे घर राहून जातं.

पोर्ट्समथ हे न्यू हॅम्पशायर राज्यातलं बंदर, बॉस्टनपासून गाडीने साधारण ९० किलोमीटर. पिस्काटाक्वा नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडचा काठ मेन राज्यात. नदीला भरती-ओहोटीची ओढ इतकी जोरदार आहे की किनाऱ्यावर उभं राहिलं तरी पाण्याची शीर दिसते, पाण्यात नांगरलेल्या खुणेच्या बोयरी कलंडलेल्या दिसतात. अशा पाण्यात जहाज धक्क्याला लावायचं म्हणजे काय, हे गोदीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. आणि तरीही तीनशे वर्षांहून जास्त काळ इथे जहाजं बांधली जात आहेत. इंग्रजांच्या आरमारासाठी १७४९ मध्ये 'अमेरिका' नावाची युद्धनौका इथे बांधली गेली. स्वातंत्र्ययुद्धात इथल्याच बेटावर 'रॅले' आणि 'रेंजर' उभ्या राहिल्या. १८०० साली सुरू झालेली सरकारी गोदी आजही चालू आहे, आता तिथे पाणबुड्यांची कामं होतात. गाव छोटं आहे, पण गावाची हाडं गोदीची आहेत.

हे घर मार्केट स्ट्रीटवर आहे. तीन मजली, लाकडी, छपरावर कठडा. बाहेरच्या कोपऱ्यांवर लाकूडच असं कापून बसवलंय की लांबून घडीव चिरे वाटावेत. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंदराचा भाग. आज तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकायच्या मिठाचे डोंगर दिसतात. त्या काळी तिथे मालकाचे धक्के आणि वखारी होत्या. म्हणजे खिडकीत उभं राहिलं की आपलं जहाज आलं की नाही ते कळायचं.

घर बांधलं १७६० ते १७६३ या काळात. बांधणारे कॅप्टन जॉन मॉफॅट. हा माणूस इंग्लंडहून इथे आला तो राजाच्या आरमारासाठी डोलकाठ्या नेणाऱ्या जहाजाचा कप्तान म्हणून. नंतर इथेच लग्न करून व्यापारी झाला. घर बांधलं ते मुलासाठी, सॅम्युएलसाठी.

डोलकाठ्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण हे घर समजायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. इंग्लंडमध्ये मोठ्या युद्धनौकेच्या डोलकाठीजोगं उंच, सरळ झाड उरलं नव्हतं. न्यू इंग्लंडच्या जंगलात पांढरा पाइन होता, शंभर-दीडशे फूट सरळसोट. मॅसॅच्युसेट्सला दिलेल्या १६९१ च्या सनदेत राजाने कलम घातलं की खासगी मालकीच्या नसलेल्या जमिनीवरचं, बुंध्यापासून एक फूट उंचीवर ज्याचा व्यास २४ इंच किंवा जास्त भरेल ते प्रत्येक झाड आरमाराचं. राजाची माणसं अशा झाडांवर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बाणाचं चिन्ह करत. हिशेबही सुताराला लक्षात राहील असा होता: बुंध्याला जितके इंच व्यास, तितके यार्ड डोलकाठीची लांबी. म्हणजे ३६ इंची बुंधा असेल तर १०८ फूट. एवढं झाड पाडायचं, ते पडताना तडकू नये म्हणून खाली बर्फाची आणि फांद्यांची गादी करायची, बैलांच्या जोड्यांमागून जोड्या लावून नदीपर्यंत ओढायचं. जहाजांच्या मागच्या बाजूला मुद्दाम मोठी दारं ठेवलेली असत, त्यातून ही लाकडं आत सरकवत.

मी उभ्या आयुष्यात सर्वात जाड हाताळलेला सागाचा ओंडका २८ इंची होता. त्याला हलवताना आम्ही चौदा माणसं होतो आणि क्रेन होती.

पुढे नियम आणखी कडक झाले, आणि ज्यांच्या परसात असलं झाड उभं, त्यांनाही ते कापायची चोरी. यावरून माणसं चिडली. १७७२ मध्ये याच न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर गावात लोकांनी राजाच्या शेरीफला झाडाच्याच फोकांनी झोडपलं होतं.

आता पुन्हा घरात येतो. दिवाणखाना म्हणता येणार नाही असा एक प्रचंड मोठा हॉल दारातून आत आल्याबरोबर लागतो. आपल्याकडे वाड्यात आधी ओसरी, मग माजघर, अशी पायरी-पायरीने आत जायची रीत. इथे तसं नाही. व्यापाऱ्याने पाहुण्याला पहिल्या पावलातच दिपवून टाकायचं ठरवलं होतं. तळमजल्याचा मोठा भाग या एका हॉलने आणि जिन्याने खाल्लाय. छताच्या कडेने कोरीव पट्टी फिरते. मी मान वर करून तिचे कोपरे बघत होतो. कोपऱ्यात दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशात मिळतात, आणि लाकूड अडीचशे वर्षं फुगत-आक्रसत आलंय, तरी पान तुटलेलं दिसत नाही. तुम्ही गेलात तर पहिली पाच मिनिटं तरी बोलू नका, नुसते कोपरे बघा. काम चांगलं की वाईट, ते कोपऱ्यात कळतं.

डिअरिंग जहाजासाठी कोरीवकाम करायचे म्हणजे काय करायचे, तर नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या मूर्ती, मागच्या बाजूची नक्षी. ते काम उन्हा-पावसात, खाऱ्या वाऱ्यात टिकायचं, आणि लांबून, दुसऱ्या जहाजावरून दिसायचं. म्हणून घाव खोल असतात, सावली पडेल असे. घरातलं कोरीवकाम एरवी नाजूक, उथळ असतं, कारण ते दोन फुटांवरून बघायचं असतं. इथल्या पानांची कोर खोल आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही उठून दिसली. मला गाइडबाईंनी नाव सांगितलं नसतं तरी मी पैज लावली असती.

हॉलच्या भिंतींवर फ्रान्सहून आणलेला कागद आहे, पॅरिसच्या द्युफूर यांच्या कारखान्याचा, इटलीच्या देखाव्यांचा. तो घरापेक्षा बराच नंतरचा, १८२० च्या आसपासचा. माझ्या बायकोला तो फार आवडला. मला आवडला तो वेगळ्या कारणाने: तो हाताने रंगवलेला नाही, लाकडी ठशांनी छापलाय. एकेका रंगाला वेगळा ठसा. म्हणजे त्या आकाशामागेही कुणीतरी पटाशी चालवलीच होती.

वरच्या मजल्यावर एक पिवळी खोली आहे. तिची गोष्ट ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. सॅम्युएलचा व्यापार बुडाला. १७६८ मध्ये कर्जदारांच्या तुरुंगातून वाचण्यासाठी तो वेस्ट इंडीजमधल्या सिंट युस्टेशियस बेटावर पळाला. घर उभं राहून जेमतेम पाच वर्षं झाली होती तोवर. सावकारांसाठी घरातल्या सामानाची यादी केली गेली, कोणत्या खोलीत काय, पडदे कसले, पलंग कसला. त्या यादीच्या आधारानेच ती पिवळी खोली आज पुन्हा तशी सजवली आहे. जप्तीची यादी करणाऱ्या कारकुनाने जे टिपलं, त्यामुळे आपल्याला त्या घरातली सून कुठल्या रंगात राहत होती ते कळतं. तिने लावलेलं म्हणून सांगतात ते गुलाबाचं झाड मागच्या बागेत आहे. म्हातारे जॉन मॉफॅट मग स्वतःच या घरात येऊन राहिले.

आणि त्यांच्याबरोबर लेक-जावई. जावई म्हणजे विल्यम व्हिपल. नदीपलीकडच्या किटरीत जन्मलेला, लहानपणापासून समुद्रावर गेलेला, आणि पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. गावातल्या बहुतेक पाट्या त्यांच्याच नावाच्या.

इथे मला आदल्या दिवशीबद्दल सांगायचंय. आम्ही गावातल्या एका पायी फेरीचे पैसे भरले होते. नाव लिहीत नाही. दीड तासात अकरा ठिकाणं. पुढे चालणारा मुलगा इतक्या घाईत होता की गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या मला आणि बायकोला त्याचं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. या घरापाशी तो फुटपाथवर दोन मिनिटं थांबला. सह्या करणाऱ्या व्हिपलचं घर, श्रीमंत कप्तानाने मुलाला दिलेली भेट, एवढं बोलून पुढे. प्रिन्स व्हिपलचं नावही त्याने काढलं नाही. मला ते फार लागलं, पण लागलं ते दुसऱ्या दिवशी, घर आतून पाहिल्यावर. तेव्हाच कळलं की काय सांगायचं राहिलं होतं.

प्रिन्स व्हिपल या घरात गुलाम होता. आफ्रिकेतून लहानपणी आणलेला. आडनाव मालकाचं. मालकाची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर, १७७६. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १७७९ मध्ये पोर्ट्समथच्या वीस गुलामांनी न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाला अर्ज केला: निसर्गाच्या देवाने आम्हालाही जीव आणि स्वातंत्र्य दिलंय, इतर माणसांच्या बरोबरीनं, तेव्हा आम्हाला मोकळं करा. त्या वीस जणांत प्रिन्स व्हिपल होता. विंडसर मॉफॅट होता. एकाच घराच्या आडनावांची दोन माणसं. बाकीची नावं वाचत गेलं की गावातल्या सगळ्या बड्या व्यापाऱ्यांची यादी वाचल्यासारखं होतं, कारण प्रत्येकाला आडनाव मालकाचंच चिकटलेलं.

विधिमंडळाने अर्ज बाजूला ठेवला. प्रिन्सला मुक्तीचा कागद मिळाला १७८४ मध्ये. वीसपैकी चौदा जण गुलाम म्हणूनच मेले. २०१३ साली न्यू हॅम्पशायरने कायदा करून त्या चौदा जणांना मरणोत्तर स्वातंत्र्य दिलं. दोनशे चौतीस वर्षांनी.

गाइडबाईंनी हे सगळं जिन्यापाशी उभं राहून सांगितलं, आवाज न चढवता, काही न झाकता. जॉन मॉफॅटच्या जहाजाने आफ्रिकेतून माणसं आणली होती, हेही त्यांनी सांगितलं. घर सांभाळणारी संस्था बायकांची आहे, शंभराहून जास्त वर्षं त्याच हे घर चालवतात. स्वतःच्या पूर्वजांचा अभिमान धरणाऱ्या मंडळींनी हे असं उघड बोलावं, याचं मला कौतुक वाटतं. मी अनेक जुनी घरं, राजवाडे पाहिलेत. बहुतेक ठिकाणी तलवार कुणाची ते सांगतात, पाणी कोण भरत होतं ते विचारलं तर गाइड गोंधळतो.

मुक्त झाल्यावर प्रिन्स, त्याची बायको डायना, आणि त्याच्यासारखाच व्हिपल आडनाव मिळालेला कफी व त्याची बायको, असे सगळे याच घराच्या बागेच्या कडेला एका छोट्या घरात राहत होते. डायनाने गावातल्या काळ्या मुलांसाठी शाळा चालवली. आम्ही बागेत गेलो तेव्हा मी ते घर कुठे असेल ते विचारलं. बाईंनी हात करून दिशा दाखवली. तिथे आता घर नाही.

बाग मात्र सुंदर आहे. उतारावर टप्प्याटप्प्याने वर चढत जाते, गवताच्याच पायऱ्या आहेत. १८१८ नंतर घर लॅड कुटुंबाकडे आलं, आणि त्यांच्यापैकी अलेक्झांडर हॅमिल्टन लॅड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बागेला आजचं रूप दिलं. बायको तिथून हलायला तयार नव्हती. मी तोवर शेजारची व्यापाऱ्याची छोटी पेढी बाहेरून बघून आलो.

लाकडाबद्दल एक गोष्ट राहिली. इथे सगळीकडे पाइन. आमच्या हाताला तो लाकूड वाटतच नाही, नख रुततं त्यात. आमचं सगळं जग सागाचं. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेदजी वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, ती सागामुळे. त्यामुळे माझ्या मनात पाइनबद्दल थोडी अढी होती. ती या घराने काढून टाकली. मऊ लाकूड आहे म्हणूनच डिअरिंगना एवढी खोल कोर घेता आली, आणि आत, कोरड्यात राहिलं म्हणून ते टिकलं. सागावर तसली पानं काढायला दुप्पट दिवस लागले असते आणि हत्यारं चौपट वेळा घासावी लागली असती. लाकूड ओळखून काम ठरवायचं, हे मला पहिल्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी शिकवलं होतं.

मिस्त्रींचं नाव आज कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही बांधलेल्या जहाजांच्या जलावतरणाच्या पाट्यांवर मंत्र्यांची नावं आहेत, पाहुण्यांची आहेत. ते बरोबरच आहे म्हणा, पण या परक्या गावात, लाकडी घरात, सुताराचं आणि कोरक्याचं नाव मालकाच्या नावाबरोबर घेतलं जातं हे ऐकलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता. लेकीच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही.

जाणाऱ्यांसाठी: थंडीत घर बंद असतं, त्यामुळे उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जा, आणि निघण्यापूर्वी वेळ नक्की बघून घ्या. गाइडबरोबरच बघा, एकट्याने फिरून यातलं काही कळणार नाही. जिना चढावा लागतो, गुडघे दुखत असतील तर सावकाश. इंग्रजी पटपट समजत नसेल तर बरोबर कुणीतरी असू द्या, आणि प्रश्न विचारा. आम्हाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळालं. लहान मुलं कंटाळतील. त्यांना त्याच गावातली 'अल्बाकोर' पाणबुडी दाखवा, १९५३ साली इथल्याच गोदीत बांधलेली, आता जमिनीवर आणून ठेवली आहे, आत जाता येतं.

घर बघून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. तिथून थोड्या अंतरावर चेस्टनट स्ट्रीट आहे. २००३ मध्ये त्या रस्त्याखाली खोदकाम करताना जुन्या शवपेट्या सापडल्या. अठराव्या शतकातलं आफ्रिकन माणसांचं दफनस्थान होतं ते, गावाने त्यावर रस्ता आणि घरं बांधून टाकली होती. २०१५ मध्ये तिथे स्मारक झालं. एका उभ्या दगडाच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्री, दोघांचे हात दगडाच्या कडेवरून एकमेकांकडे आलेले, पण बोटं भिडलेली नाहीत. आणि फरशीत एक लांब ओळ कोरली आहे, त्या वीस जणांच्या अर्जातल्या शब्दांची.

लेक एकेक शब्द वाचत होती आणि मराठीत सांगत होती. बायकोने चपला काढून हातात घेतल्या. आम्ही तिघं त्या ओळीच्या कडेकडेने, शब्दांवर पाय पडणार नाही असे, शेवटपर्यंत चालत गेलो.